विमानांतील पुढची रांग

गेल्या महिन्यांत याच पानावर आम्हीं लोणच्याच्या बरण्यांविषयीं लिहिलें होतें आणि या महिन्यांत एकदम आकाशांत उडी घेत आहों, याबद्दल वाचक बंधु-भगिनींनीं रागावूं नये. दोष आमचा नाहीं. माजलगांवच्या एका सद्गृहस्थांच्या पत्राचा आहे. ते लिहितात : "आमचे चिरंजीव बंगळुरास नोकरीस आहेत. येत्या सुटींत आम्हां उभयतांस तिकडे नेण्याचा त्यांचा विचार असून तिकिटें विमानाच्या पुढच्या, म्हणजे महागाच्या वर्गाचीं काढावीं असा त्यांचा आग्रह आहे. विमानांत बसणें काय तें दीड-दोन तासांचें. एवढ्यासाठीं इतका पैसा घालणें योग्य कीं ती उधळपट्टी, याचा निवाडा आपण करावा."

असा निवाडा करण्याचा आमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील. आमचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें. विमानांत आम्ही आजवर तीनच वेळां बसलों. परंतु पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षां, नुकताच गटांगळ्या खाऊन कांठास लागलेला मनुष्य पाण्याचें वर्णन अधिक बारकाईनें करतो, असा अनुभव आहे. शिवाय या प्रश्नाचा आमच्या स्वतःच्या घराशीं कसा संबंध आला, तें सांगितल्यावांचून आम्हांसही चैन पडणार नाहीं. तेव्हां प्रथम वस्तुस्थिति, मग घरची हकीकत आणि शेवटीं उत्तर, असा क्रम ठेवतों.

'वर्ग' हा शब्द ऐकला कीं आमच्या डोळ्यांपुढें शाळा उभी राहते. आमच्या वर्गांत पुढच्या बांकावर कोण बसे? जो मुलगा ठेंगणा असेल तो, किंवा ज्याची नजर अधू असेल तो. उंच मुलांची रवानगी मागें होई. विमानांत नेमकें उलट आहे. तेथें पुढें बसण्यास उंची लागत नाहीं, कीं नजर लागत नाहीं, भाडें लागतें. आणि त्या जाद्या भाड्याच्या बदल्यांत मिळतें काय, तर मुख्यतः जागा. तीहि इंचांनीं मोजून. संस्कृतांत 'विमान' शब्दाच्या पोटांत 'मा' हा मोजण्याचा धातु आहे; आकाश मापीत जाणारें तें विमान. आजच्या विमानकंपन्यांनीं हा धातु फारच मनावर घेतलेला दिसतो, कारण त्या आकाशाबरोबर आपले गुडघेही मोजतात.

आतां हें मोजमाप कसें असतें तें पाहूं. एका रांगेंतील आसनाच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या रांगेंतील आसनाच्या त्याच बिंदूपर्यंत जें अंतर भरतें, त्याला विमानवाले 'पिच' म्हणतात. त्यांतच आसनाच्या पाठीची जाडी आली. म्हणून तो सारा आंकडा आपल्या पायांच्या वांट्यास येत नाहीं. आपल्या देशांतील अंतर्गत मार्गांवर साधारण वर्गांत हें अंतर बहुधा २८ ते ३० इंच असतें. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन आसनें. आमची उंची साडेपांच फूट. आमचे गुडघे पुढच्या आसनास लागत नाहींत, पण त्यांच्यामधून आमची शाळेंतली फूटपट्टी उभी धरून फिरवितां येत नाहीं. आम्हीं प्रयोग करून पाहिला आहे. शेजारच्या तरुणानें आमच्याकडे पाहून मान फिरविली.

विमानाच्या जातीनेंही फरक पडतो. एअरबसच्या ए-३२० विमानाची आंतील रुंदी ३.७० मीटर, तर बोइंगच्या ७३७ विमानाची ३.५४ मीटर. हा फरक १६ सेंटिमीटरांचा, म्हणजे सुमारें सहा इंचांचा. एका रांगेंत सहा आसनें. तेव्हां माणशीं इंचभर. दिसण्यास क्षुल्लक, परंतु शेजारी धिप्पाड गृहस्थ असल्यास त्या एका इंचाची किंमत कळते.

पुढच्या वर्गांत दोन्ही बाजूंस दोन-दोनच आसनें असतात. एअर इंडियानें आपल्या जुन्या ए-३२० निओ विमानांचें अंतरंग अलीकडे बदलून त्यांत तीन वर्ग केले : सर्वांत पुढें ८ आसनें, मध्यें २४ आणि मागें १३२. पुढच्या आठांस ४० इंच अंतर आणि पाठ मागें कलण्यास ७ इंच. मधल्या चोविसांस ३२ इंच. मागील मंडळींस २८ ते २९. इंडिगो या कंपनीनें २००६ सालीं आपला व्यवहार सुरू केल्यापासून अठरा वर्षें सर्व प्रवाशांस एकाच वर्गांत बसविलें आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्ली-मुंबई मार्गावर प्रथमच १२ रुंद आसनांचा पुढचा वर्ग काढला. त्यांत अंतर ३८ इंच. म्हणजे दोन कंपन्यांच्या पुढच्या वर्गांत दोन इंचांचा फरक, परंतु पुढच्या आणि मागच्या वर्गांत दहा इंचांचा. म्हणून 'कोणती कंपनी' हा प्रश्न दुसरा. 'कोणता वर्ग' हा पहिला.

या पुढच्या वर्गाचा आपल्याकडील इतिहासही मोठा उद्बोधक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपालाचें विमान आणलें, तेव्हां त्यांत वर्गही नव्हते आणि प्रवासीही नव्हते. टपालाच्या थैल्या मात्र होत्या. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत असतांना, १९४५ सालीं, हैदराबादेस डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ सालीं ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. पुढें १९९३ मध्यें जेट एअरवेज आणि २००५ मध्यें किंगफिशर सुरू झाली. या दोघींच्या पुढच्या वर्गाचा थाट लोक अजून आठवणीनें सांगतात. किंगफिशरचीं उड्डाणें २०१२ च्या ऑक्टोबरांत थांबलीं, जेटचीं २०१९ च्या एप्रिलांत. २०१५ मध्यें निघालेली विस्तारा तीन वर्गांनिशीं चांगली चालली होती. ती १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं एअर इंडियांत मिळाली. आणि जिनें अठरा वर्षें कोणासही पुढची गादी दिली नाहीं, ती इंडिगो देशांत सर्वांत मोठी झाली. यावरून काय सिद्ध होतें तें अर्थशास्त्र्यांनीं सांगावें. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, या देशांत बहुतेकांस वेळेवर पोंचावयाचें असतें. पाय पसरावयाचे असतात ते थोड्यांस.

परदेशांतील पद्धतीही ऐकण्यासारख्या आहेत. युरोपांत लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, ब्रिटिश एअरवेज अशा मोठ्या कंपन्या जवळच्या मार्गांवर पुढच्या वर्गांतही तींच तीन-तीन आसनें ठेवतात. मधलें आसन तेवढें रिकामें सोडतात आणि एक पडदा लावतात. गुडघ्यांस त्याचा फारसा उपयोग नाहीं. कोपरांस मात्र आहे. जेवण बरें मिळतें. अमेरिकेंत याच प्रकारच्या विमानांत पुढें दोन-दोनांचीं रुंद आसनें असतात, बहुधा सोळा ते वीस, आणि त्यांस ते सरळ 'फर्स्ट क्लास' म्हणतात. म्हणजे नांव एकाचें मोठें आणि आसन दुसऱ्याचें मोठें, असा प्रकार. जपानांत जपान एअरलाइन्सनें अंतर्गत मार्गांवर २००४ पासून एक मधला वर्ग ठेवला आहे. थोडेसे जादा पैसे भरून जरा रुंद आसन मिळतें आणि सामान्य गृहस्थही तें घेऊं शकतो. आम्हांस ही जपानी योजना सर्वांत शहाणपणाची वाटते.

आतां घरची हकीकत.

आमचे पुतणे दिल्लीस नोकरीस आहेत. गेल्या माघांत त्यांच्या मुलाची मुंज तेथेंच व्हावयाची होती. अंबाजोगाईहून जाणारे आम्ही तिघें : आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे पुतण्यांच्या मातोश्री, आमचें कुटुंब, आणि आम्ही. वहिनींचें वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे दहा वर्षांपासून रुसलेले. त्या सतराव्या वर्षीं या घरांत आल्या, तेव्हां आम्ही चार वर्षांचे होतों. पुढें आमच्या मातोश्री निवर्तल्या आणि आमचें सर्व वहिनींनींच केलें. शाळेच्या पहिल्या दिवशीं हात धरून आम्हांस नेलें तें त्यांनींच. घरांत सर्वांची पानें उठल्यावर त्यांचें पान मांडलें जाई, आणि आमच्या पानांत तूप वाढतांना त्यांचा हात कधीं आंखडल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

मुंजीच्या तीन आठवडे अगोदर पुतण्यांचा फोन आला. "काका, तिकिटें काढलीं. आईच्या गुडघ्यांसाठीं पुढच्या वर्गाचीं घ्यावीं म्हटलें. पण दोनच जागा मिळाल्या. पुढें आई आणि तुम्ही बसा. काकू मागें बसतील. तेवढ्यापुरतें चालेल ना?"

आम्हीं "पाहूं" म्हटलें आणि फोन ठेवला. वाचकहो, या पानावर आम्हीं अनेकदां अनेकांस उपदेश केला आहे. म्हणून येथें खरें सांगणें भाग आहे. त्या रात्रीं आम्ही त्या विषयावर घरांत एक अक्षरही बोललों नाहीं. आमच्या मनांतून पुढें बसावयाचें होतें. आजन्म लाकडी खुर्चीवर बसलेल्या मनुष्यास एकदां चाळीस इंचांचें आसन मिळत आहे, तें सोडावें कां, असा विचार डोक्यांत घोळत होता. आणि पुतण्यांनीं स्वतः होऊन सांगितल्यामुळें आपल्याकडे दोषही येत नाहीं, असा हिशेबही आम्हीं करून ठेवला होता. सकाळीं देवपूजा आटोपून आम्ही माजघरांत आलों, तों आमचें कुटुंब वहिनींच्या गुडघ्यांस कोमट तेल चोळीत बसलेलें. रोजचाच तो प्रकार. आम्ही रोज पाहात होतों. त्या दिवशीं मात्र तो आम्हांस दिसला. वहिनींस विमानांत उठतां-बसतांना हात कोण देणार? फूटपट्टी घेऊन बसलेले आम्ही? आम्हीं तेथेंच सांगितलें, "तुम्ही दोघी पुढें बसा. मी मागें बसतों." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुरुषमाणूस मागें आणि आम्ही बायका पुढें, हें बरें दिसेल का?" त्यावर आम्हीं आमचा शाळेचा नियम सांगितला : ठेंगणीं मुलें पुढच्या बांकावर. वहिनींची उंची पांच फुटांसही जेमतेम. त्या हंसल्या आणि तो नियम मान्य झाला.

आमच्या जिल्ह्यांत विमानतळ नाहीं. बीड शहरास साधी आगगाडीसुद्धां १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिदिनीं, पहिल्यानें आली; तो अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला होता १९९५ सालीं. तेव्हां आम्हांस केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीवरील पूल आणि पाचोड, असें करीत छत्रपति संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जावें लागलें. जीपगाडीनें पांच तास. तेथें दोन तास थांबणें. मग विमानांतले सुमारें दोन तास आणि दिल्लीस उतरल्यावर घरापर्यंत आणखी दीड. एकंदर साडेदहा तासांचा हा प्रवास. पुढच्या वर्गाचे पैसे घेतले जातात ते त्यांतील दोन तासांचे. वहिनींचे गुडघे जे धरले, ते मांजरसुंब्याच्या अलीकडेच. ही गोष्ट पत्रलेखकांनीं ध्यानांत ठेवावी.

विमानांत शिरलों. आमच्या दोघी पुढच्या रांगेंत स्थानापन्न झाल्या आणि आम्ही मागें, अठराव्या रांगेंत, मधल्या आसनावर. विमान वर गेल्यावर पडदा ओढला गेला आणि आमचें कुटुंब आमच्या दृष्टीआड झालें. तासाभरानें विमानसेविका पडद्याआडून आली आणि कागदी रुमालांत गुंडाळलेलें कांहींतरी आमच्या हातांत देऊन, पुढच्या माताजींनीं पाठविलें आहे, असें हिंदींत म्हणाली. उघडून पाहतों तों दोन दशम्या आणि वर शेंगदाण्याची चटणी. वहिनी बाहेरचें शिजवलेलें खात नाहींत. चिनी मातीच्या ताटांतील जेवण त्यांनीं नम्रपणें परत केलें होतें आणि पदराखालचा डबा उघडला होता. भाऊजी मागें उपाशी असतील, हें त्यांस आकाशांतही सुचलें. आमच्या दोन्ही बाजूंचे तरुण पैसे देऊन घेतलेले पाव खात होते. चटणीचा वास सुटल्यावर त्यांनीं आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, त्यांत या खेपेस आदर होता.

दिल्लीस उतरल्यावर आम्हीं उत्सुकतेनें विचारलें, "वहिनी, आसन कसें होतें?"

"आसन चांगलें होतें हो," त्या म्हणाल्या, "पण पाय लोंबत होते."

आम्ही थक्क झालों. मागून कुटुंबानें खुलासा केला. आसन मोठें, खोल आणि गुबगुबीत, वहिनी लहानखुऱ्या. पाठ टेकली तर पाय जमिनीस लागेनात आणि पाय टेकले तर पाठ टेकेना. पुढें मोकळी जागा ऐसपैस. पण तींत पायाखालीं घेण्यास कांहीं नाहीं. शेवटीं पांघरुणाची घडी करून पायांखालीं दिली, तेव्हां कोठें बरें वाटलें. पतंजलि मुनींनीं आसनाचीं दोनच लक्षणें सांगितलीं आहेत : तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. चाळीस इंचांच्या त्या आसनावर वहिनींस स्थैर्य नव्हतें, म्हणून सुखही पुरतें नव्हतें. आम्हीं इतके दिवस आसन मोजलें; बसणारें माणूस मोजलें नव्हतें.

तथापि न्याय करावयाचा तर पुढच्या वर्गाचे गुणही सांगितले पाहिजेत. स्वच्छतागृह दोन पावलांवर होतें. वृद्ध माणसास हें सुख लहान नाहीं. चढतांना रांगेंत तिष्ठावें लागलें नाहीं. उतरतांना गर्दीच्या आधीं, सावकाश, हात धरून उतरतां आलें. वहिनींनीं स्वतः जें वाखाणलें तें हेंच. गादीविषयीं त्या पुन्हा कांहीं बोलल्या नाहींत.

मुंज यथासांग पार पडली. परतीचीं तिकिटें दुसऱ्या एका कंपनीचीं होतीं. त्या विमानांत सर्वांस एकच वर्ग. तिघें एका रांगेंत, चौथ्या. वहिनी वाटेकडेच्या आसनावर, मध्यें कुटुंब, खिडकीशीं आम्ही. या वेळीं आम्हीं दोन युक्त्या केल्या. आमची पिशवी वहिनींच्या पुढच्या आसनाखालीं सरकवली. तिच्यावर त्यांचे पाय नेमके टेकले. दुसरी युक्ति विमानसेविकेनें दाखविली. वाटेकडचा हात बहुतेक विमानांत वर उचलतां येतो. त्याच्या खालच्या अंगास, बिजागरीजवळ, एक लहानशी कळ असते, ती दाबावी लागते. हात वर झाल्याबरोबर वहिनींस पाय बाहेर वळवून, खाटेवरून उठावें तसें उठतां येऊं लागलें. उतरतांना मात्र सर्व गर्दी ओसरेपर्यंत बसून राहावें लागलें आणि तेवढ्या वेळांत गुडघे पुन्हा धरले. पण दोन तास त्या दोघी बटूच्या भिक्षावळीविषयीं बोलत होत्या, आणि आम्ही ऐकत होतों. मध्यें पडदा नव्हता.

शहागडच्या पुलावर जीप थांबवून वहिनींनीं गोदामाईस नमस्कार केला, एक नाणें सोडलें आणि पुन्हा गाडींत बसतां बसतां विचारलें, "भाऊजी, जातांनाच्या त्या पुढच्या खुर्चीचें भाडें किती होतें हो?"

आम्हीं सांगितलें, "मागच्याच्या तिप्पट."

वहिनी शाळेंत चौथीपर्यंतच शिकल्या. परंतु पांचशें पानांच्या लाडवांचा हिशेब त्यांनीं आयुष्यांत कधीं कागदावर केला नाहीं. क्षणभर गप्प राहून त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्हां दोघींच्या पैशांत सहा माणसें बसलीं असतीं. मग माईस कां नाहीं आणलें?"

परळीच्या माई या वहिनींच्या धाकट्या भगिनी. पुतण्यांस लहानपणीं त्यांनीं दोन वर्षें सांभाळलें. मुंजीची यादी करतांना पुतणे फोनवर म्हणाले होते, "विमानाचीं भाडीं फार आहेत काका, मावशीला पुढें केव्हां तरी आणूं," आणि आम्हीं "बरोबर आहे" म्हणून मान डोलविली होती. आयुष्यभर आम्हीं मुलांस त्रैराशिक शिकविलें. दोन आसनें तिपटीचीं म्हणजे सहा आणि आमचें एक, मिळून सात भाडीं. सात भाड्यांत गेलीं माणसें तीन. हें गणित फळ्यावर असतें तर तिसरीच्या मुलानें सोडविलें असतें. घरांत तें कोणीं मांडलेंच नाहीं. पुतण्यांचा हेतु शुद्ध होता; मातेच्या गुडघ्यांवरील प्रेमानेंच त्यांनीं पैसा खर्च केला. परंतु ज्या मातेसाठीं खर्च केला, तिला विचारलें असतें तर तिनें भगिनी मागितली असती, गादी नव्हे. आणि विचारण्याचें काम आमचें होतें, कारण घरांत वडील आम्ही. त्या वेळीं आम्ही आसनाचे इंच मोजीत होतों.

आम्हीं वहिनींस उत्तर दिलें नाहीं. गेवराई येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

आतां माजलगांवच्या सद्गृहस्थांस उत्तर. प्रथम माणूस मोजा, मग आसन मोजा. ज्याचा गुडघा शस्त्रक्रियेमुळें वा प्लास्टरमुळें वांकत नाहीं, ज्याची उंची सहा फुटांवर आहे, किंवा ज्याचा देह साधारण आसनांत मावत नाहीं, त्याच्यासाठीं पुढचा वर्ग ही चैन नसून गरज आहे. तेथें पैशाचा विचार करूं नये. तुम्ही उभयतां सामान्य बांध्याचे असाल, तर मागच्या वर्गांत पुढील चार-पांच रांगांतील वाटेकडचें आसन, थोडे जादा पैसे द्यावे लागले तरी, आधींच राखून ठेवावें. संकटकालच्या दाराजवळच्या रांगेंत पाय पसरण्यास जागा पुष्कळ असते. पण ती वृद्धांस देत नाहींत, म्हणून तिच्या नादीं लागूं नये. सर्वांत पहिल्या रांगेंतही पाय मोकळे राहतात. परंतु तेथें पुढें आसन नसल्यामुळें पिशवी पायांखालीं घेतां येत नाहीं आणि आसनाचा हातही उचलत नाहीं. चालणें कठीण असेल, तर तिकीट काढतांनाच चाकांची खुर्ची सांगून ठेवावी. चालूं न शकणाऱ्यास ती सर्व वर्गांत विनामूल्य मिळते, तिच्याबरोबर हात देणारा मनुष्यही मिळतो, आणि पुढच्या वर्गाचें जें खरें सुख, म्हणजे रांगेंत न तिष्ठणें, तें बरेंचसें तिच्यांतच येतें. मुंबईपर्यंतच जावयाचें असेल, तर ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून सुरू झालेली आणि आतां नांदेडहून सुटणारी वंदे भारत गाडीही विचारांत घ्यावी. संभाजीनगरापासून सुमारें सहा तास लागतात, पण मनांत येईल तेव्हां उठून चार पावलें चालतां येतें. गुडघ्यांस तें कोणत्याही गादीपेक्षां मानवतें.

आणि चिरंजीव फारच आग्रह करतील, तर त्यांस एवढेंच विचारावें : या जाद्या पैशांत आपल्यापैकीं आणखी कोण येऊं शकेल? कोणी यावयाचें राहिलें नसेल, तर खुशाल पुढें बसावें आणि मुलाचें कौतुक करून घ्यावें. तें नाकारणें हाही एक प्रकारचा अहंकारच आहे. कोणी राहिलें असेल, तर उत्तर आपोआप मिळेल.

परळीच्या माईंनीं अद्याप विमान आंतून पाहिलेलें नाहीं. येत्या वैशाखांत नातू बघण्यास आम्ही पुन्हा दिल्लीस जाणार आहों. चार तिकिटें काढलीं आहेत, मागच्या वर्गाचीं. तीन एका रांगेंतलीं, आणि चौथें वाटेच्या पलीकडचें. पलीकडचें आमचें.